चौतीस नंबरचे दोन सेट: दशावतारी मूर्तींचं एक प्रकरण

कुडाळ तालुक्यातल्या एका मूर्तिकाराने दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातली दहा पात्रं सहा-सहा इंचाच्या मूर्तींमध्ये घडवली, मालवणच्या एका दुकानदाराने त्याचे फक्त शंभर सेट काढायचे ठरवले, प्रत्येक सेटच्या बुडाला नंबर घातला, आणि मग वर्षाच्या आत चौतीस नंबरचे दोन सेट निघाले, एक डोंबिवलीत आणि एक पणजीत. दोन्ही घेणाऱ्यांनी पूर्ण पैसे मोजलेले आणि दोघांकडे त्याच दुकानाचं बिल. पुढे जे झालं ते सगळं इथे लिहितोय, मूर्तिकार आणि दुकानदार दोघांनाही विचारून लिहितोय, नावं मात्र देत नाही. गावात मूर्तिकाराला सगळे भाई म्हणतात आणि दुकानदाराला शेठ, तेच ठेवतो.

हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडे गावोगाव गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागा आहेत, हात असलेली तरुण पोरं आहेत, आणि आता त्यातली बरीचशी पोरं छोट्या कलेक्शनच्या मूर्ती, मावळे, कोळीण, पालखी असलं काही काही करून विकायला लागली आहेत. करार कोणीच करत नाही. भाईनेही नव्हता केला.

भाईची शाळा तिसऱ्या पिढीची. आषाढ लागला की गावातले पाट यायला लागतात, ज्याचा त्याचा पाट, त्यावर नाव, कोणाला कुठला गणपती ते ठरलेलं, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी नारळ-विडा ठेवून गणपती डोक्यावरून घरी. त्यानंतर मात्र शाळा रिकामी. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की भाई रात्र रात्र दहिकाला, म्हणजे जत्रेतला दशावतार, बघायला जाणार, लहानपणापासूनचं वेड, स्वतः पखवाज बरा वाजवतो आणि एका दशावतारी कंपनीत वाजवणारा आजारी असला की याला बोलावणं येतं. म्हणजे त्याने दशावतार समोरून तर बघितलाच आहे पण बाजूने, वाजवणाऱ्यांच्या बाकड्यावरूनही बघितला आहे, आणि ते त्या मूर्तींत दिसतं.

गणपती, रिद्धी, सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर ही पूर्वरंगातली, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या भागातली सात पात्रं आणि पेटीवाला, पखवाजवाला, झांजवाला हे तिघे. या तिघांसाठी मी तो सेट घेतला. शोपीसच्या दुकानात वाजवणारे कधी नसतात, असतात ते नुसते देव. भाईचा पखवाजवाला पहाटेचा आहे, खांद्यावर टॉवेल, डोळे अर्धे मिटलेले, डावा हात मात्र पानावर पक्का बसलेला. पेटीवाल्याची एक करंगळी हवेत आहे. सरस्वती म्हणजे देवी नाही तर सरस्वतीचं सोंग घेतलेला पुरुष नट आहे, कमरेला मोर बांधलेला, मनगट रुंद, गळ्याची घाटी दिसते. रिद्धी-सिद्धीचे पायही तसेच पुरुषाचे. ज्याने दशावतारी नटाला रंगपटात स्वतःच्या हाताने तोंड रंगवताना बघितलं आहे त्यालाच हे सुचेल. मालवणच्या शेठना हे कळलं आणि त्यांनी ते ओळखलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, कारण त्याआधी हे मातीचे नमुने शाळेच्या फळीवर धूळ खात होते.

ठरलं ते असं. २०२२ च्या चतुर्थीनंतर भाईने दहा मूळ मूर्ती शाडूत पूर्ण करायच्या, त्याचे एकरकमी चाळीस हजार. मग साचे आणि कास्टिंग, त्याचं सिलिकॉन, रेझिन, रंग, खोके सगळं शेठ आणणार आणि भाईला तयार रंगवलेल्या नगामागे एकशे वीस रुपये. शंभर सेट म्हणजे हजार नग, म्हणजे एक लाख वीस हजार. सगळं मिळून भाईच्या हातात एक लाख साठ हजार आणि तेही दीड हंगामात. दुकानात सेटची किंमत साडेसहा हजार, म्हणजे शंभर सेट विकले की साडेसहा लाख. आता यातून मालाचा खर्च जातो, दुकानाचं भाडं जातं, पैसे आधी गुंतवायची जोखीम शेठची होती, हे सगळं मान्य, पण एक नग घासून, सांधा साफ करून, प्रायमर मारून, तीन-चार रंगांत रंगवून एकशे वीस रुपये हे कमीच होतं आणि मी ते तेव्हाही म्हटलं होतं. खोक्यावर भाईचं नाव नव्हतं, दुकानाचं होतं. कागद एकही नाही. मी विचारलं तर भाई म्हणाला, "कागद कित्याक? शेठ घरातलो माणूस." आणि ते खरंच होतं, शेठचा गणपती भाईच्याच शाळेतून जातो.

आता कामाची पद्धत थोडी सांगावी लागेल कारण पुढचा सगळा पुरावा त्यातूनच निघाला. शाडूच्या मूळ मूर्तीवर सिलिकॉन रबर ओततात, ते घट्ट झालं की कापून दोन भाग करतात, बाहेरून प्लॅस्टरचं कवच, की झाला साचा. त्यात दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन मिसळून ओतायचं, काही मिनिटांत ते कडक होतं. रबर असल्यामुळे वाकडे-तिकडे, आत वळलेले भाग पण सुटतात, पण प्रत्येक वेळी नग ओढून काढताना रबर ताणलं जातं, रेझिनची उष्णता लागते, आणि एक दिवस बारीक जागी साचा फाटायला लागतो. सरस्वतीच्या मोराची मान ही तशी जागा. भाईच्या अनुभवात एक साचा तीस-पस्तीस नग नीट देतो, म्हणून शंभर सेटसाठी त्याने प्रत्येक पात्राचे तीन साचे केले. पहिल्या साच्यातून एक ते पस्तीस, दुसऱ्यातून छत्तीस ते सत्तर, तिसऱ्यातून उरलेले. आणि हे त्याने वहीत लिहून ठेवलं, गणपतीच्या पाटांची जशी वही असते तशीच वही, कुठल्या तारखेला किती ओतले, कुठला साचा, रेझिनचे किती कॅन आले, किती फुकट गेले. ही सवय आजोबांपासूनची.

अजून एक गोष्ट. हे रेझिन दमट हवेला फार हळवं असतं. ओलावा लागला की आतल्या रसायनाची पाण्याशी क्रिया होऊन वायू सुटतो आणि नग आतून फेसाळतो, बुडाशी टाचणीच्या टोकाएवढी भोकं भोकं दिसतात. आपल्याकडचा पाऊस म्हणजे काही विचारायला नको, भिंतीला हात लावला तरी ओला होतो. त्यामुळे भाईने पावसात एकही नग ओतला नाही, आणि तसाही तेव्हा तो गणपतींत बुडालेला असतो. दिवाळी २०२३ नंतर सुरू केलं आणि एप्रिल २०२४ मध्ये शंभरावा सेट संपवला. मे महिन्यात शेठचा भाचा टेम्पो घेऊन आला आणि साचे मालवणच्या गोडाऊनमध्ये घेऊन गेला, "पैसे मामांनी दिलेत ना, मग ते तिकडेच राहूदे" म्हणून. भाई काही बोलला नाही. या प्रकरणात सगळं बिघडलं ते इथे. नंतरची सगळी भांडणं ही त्या टेम्पोची आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा चौतीस सापडला तो योगायोगाने. डोंबिवलीचे एक चाकरमानी, मूळ वेंगुर्ल्याकडचे, त्यांनी आपल्या सेटचे फोटो दशावतारवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले, बुडाच्या नंबरासकट, अभिमानाने. त्यावर पणजीच्या एका डॉक्टरांनी स्वतःचा फोटो टाकला. तोही चौतीस. ग्रुपवर जे व्हायचं ते झालं, फसवलं फसवलं, आणि दोष कोणावर तर भाईवर, कारण मूर्ती त्याच्या हे सगळ्यांना माहीत, मागच्या हिशेबाचं कोणाला काय माहीत. भाईला त्या दोन दिवसांत लोकांनी जे ऐकवलं ते मला अजून सहन होत नाही. नंबर घालणं म्हणजे घेणाऱ्याला दिलेला शब्द असतो, की एवढेच आहेत, याच्यावर होणार नाहीत, आणि त्या शब्दाखाली हात कोणाचा असं लोक बघतात. दुकानाचं नाव खोक्यावर होतं पण शब्द मोडला असा डाग लागला तो मूर्तिकाराला.

मग आम्ही मूर्ती मागवल्या. डोंबिवलीची सरस्वती आणि पणजीची सरस्वती, शिवाय ओळखीतल्या काही जणांकडच्या, आणि भाईने स्वतःकडे ठेवलेले प्रत्येक साच्याचे पहिले आणि शेवटचे नग. पडवीत कागद अंथरून सगळ्या ओळीने मांडल्या, बारीक माप घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर घेतला. डोंबिवलीची सरस्वती बरोबर होती, पहिल्या साच्याची. पणजीची उंचीला तंतोतंत तेवढीच, रंग थोडा जाड, पण मोराच्या मानेखाली एक बारीक पापुद्रा होता, घासून काढायचा प्रयत्न केलेला. तो पापुद्रा म्हणजे फाटलेल्या साच्याची खूण, फटीत रेझिन शिरतं आणि नगावर उभी रेघ येते. ती फट तिसऱ्या साच्यात पडली होती, वहीप्रमाणे नव्वदीच्या आसपास. म्हणजे तिसऱ्या साच्यातून निघालेल्या नगावर चौतीस नंबर, जो पहिल्या साच्याचा असायला हवा. आणि बुड उलटं केलं तर भोकं भोकं, फेस. पावसात ओतलेला नग. भाईने हातात घेऊन एवढंच म्हटलं, "ह्यो मोर माझोच, पण नंबर माझो नाय."

त्याच ओळीत तिसऱ्या प्रकारचे नग पण सापडले, हायवेवरच्या एका स्टॉलवर कोणीतरी घेतलेले, नंबर नसलेले आणि स्वस्त. हे दीड मिलिमीटरने लहान होते, पखवाजवाल्याच्या टॉवेलची सुरकुती बुजलेली, पेटीवाल्याची करंगळी शेजारच्या बोटाला चिकटलेली. तयार नगावरून नवा साचा काढला की असंच होतं, सिलिकॉन किंचित आकसतं, त्यात ओतलेलं रेझिन पुन्हा किंचित आकसतं, आणि बारकावे मऊ पडतात. म्हणजे हे गोडाऊनच्या साच्यातले नव्हते, कोणीतरी तिसऱ्यानेच दुकानातून एक सेट विकत घेऊन नक्कल केलेली. हे वेगळं करणं फार गरजेचं होतं कारण शेठ आधी म्हणत होते की सगळेच बाहेरच्यांनी नकललेले आहेत, माझा संबंध नाही. मापाने ते खोटं ठरलं. नक्कल लहान होते. पणजीची सरस्वती लहान नव्हती.

किती जादा काढले हे शेठच्याच बिलांतून निघालं, आणि बिलं त्यांनी स्वतःहून दाखवली हेही सांगायला हवं. एका सेटला साधारण २.८ किलो रेझिन लागतं, वाया जाणारं धरून ३ किलो ८० ग्रॅमच्या आसपास. शंभर सेटना ३०८ किलो. भाईच्या वहीत तेवढेच कॅन आल्याची नोंद. बिलं मात्र ३९० किलोची. उरलेले ८२ किलो भाईपर्यंत आलेच नव्हते, त्यात सव्वीस सेट होतात. भाचा आधी दहा-बारा म्हणाला, मग गप्प झाला, मग पंचवीस कबूल केले. मागणी येत होती, सेट संपले होते, आणि नंबर कोणाला कळतोय असं त्याला वाटलं, जुने नंबर परत घातले.

बैठक शेठच्या घरी झाली, मे २०२५ मध्ये, ओळखीच्या एक वकीलबाई आल्या होत्या कुडाळहून. शेठ तोपर्यंत वरमले होते पण पूर्ण नाही. त्यांचं म्हणणं दोन मुद्द्यांचं. पहिला, "साचे माझ्या पैशाचे, मगे साचे कोणाचे? मूळ कामाचे चाळीस हजार दिलंय, मगे डिझाइन पण माझाच." दुसरा, संकासुर काय भाईचा आहे? सरस्वती, ब्रह्मदेव ही पात्रं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, सावंतवाडीच्या गंजिफाच्या १२० पानांवर सुद्धा दशावतार रंगवलेला आहे, मग यात एकाचा हक्क कसला.

दुसरा मुद्दा आधी निकालात निघाला. वकीलबाईंनी सांगितलं की कल्पना, पुराणकथा, पात्र यावर कोणाचा कॉपीराइट नसतो हे अगदी बरोबर, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच म्हटलं आहे, पण ती कल्पना एखाद्याने ज्या रूपात मांडली ते रूप त्याचं असतं. उद्या दुसरा कोणी स्वतःच्या हाताने वेगळा संकासुर करो, भाई अडवू शकत नाही आणि अडवणारही नाही. पण तो टॉवेल, ती करंगळी, ते रुंद मनगट हे भाईचं.

पैशाचा मुद्दा जास्त खोल होता आणि मला वाटतं प्रत्येक मूर्तिकाराने हा समजून घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक ती करणारा. याला अपवाद आहेत. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं होतं, आणि पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला, चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं, एनग्रेव्हिंग (कोरून छापलेलं चित्र) किंवा सिनेमा करवून घेतला तर तो करवून घेणाऱ्याचा. या यादीत शिल्प नाही. नीट वाचा, शिल्प नाहीच. म्हणजे ऑर्डर देऊन, पैसे मोजून मूर्ती करून घेतली तरी भाई काही शेठचा नोकर नव्हता, त्यामुळे हक्क भाईकडेच राहतो, जोपर्यंत तो लेखी आणि सही करून देत नाही, कलम १९ प्रमाणे. आणि लेखी दिला तरी मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात. तो कागद न केल्यामुळे भाईचं नुकसान झालं असं मी समजत होतो, प्रत्यक्षात कागद नसल्यामुळे शेठकडेच काही नव्हतं.

मग साच्यांचं काय? इथे शेठ एकदम गप्प झाले. कलम ५८ म्हणतं की बेकायदा काढलेल्या प्रती आणि त्या काढायला वापरलेल्या प्लेट्स या कॉपीराइटच्या मालकाच्याच समजल्या जातात, आणि प्लेट म्हणजे काय याच्या व्याख्येत, कलम २ मध्ये, साचा हा शब्द सरळ आलेला आहे. रबर शेठच्या पैशाचं, पण त्या रबरातून शंभराच्या वर एक नग काढला की कायदा ते रबर मूर्तिकाराचं समजू शकतो. खोक्यावर नाव नसण्याबद्दल पण कलम ५७ आहे, हक्क विकून टाकले तरी आपण कर्ता आहोत हे सांगायचा अधिकार कलाकाराकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनातलं आपलं काढून टाकलेलं म्युरल (भित्तिशिल्प) याच कलमावर लढवलं आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, नुकसानभरपाईचे पाच लाख आणि उरलेले तुकडे परत.

इथपर्यंत ऐकून आम्ही सगळे खूश, कोर्टात जायचंच असं माझ्या डोक्यात, आणि मग वकीलबाईंनी कलम १५ काढलं. त्यात असं आहे की एखादं डिझाइन डिझाइन कायद्याखाली, म्हणजे वस्तूचं रूप नोंदवायच्या वेगळ्या कायद्याखाली, नोंदवण्यासारखं असेल पण नोंदवलेलं नसेल, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने त्याच्या पन्नासपेक्षा जास्त प्रती काढल्या, तर त्यातला कॉपीराइट संपतो. पन्नास! आणि भाईने स्वतः शंभर काढलेले. आता हाताने ओतलेलं रेझिन ही औद्योगिक पद्धत म्हणायची का, आणि डिझाइन कायद्याच्या व्याख्येतून कलाकृती वगळलेल्या आहेत मग मूर्ती त्यात येते का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. बैठकीच्या आदल्याच महिन्यात, एप्रिल २०२५ मध्ये, सुप्रीम कोर्टाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या प्रकरणात कसोटी घालून दिली आहे, आधी बघा ती निव्वळ कलाकृती आहे की औद्योगिक प्रक्रियेतून वस्तूवर उतरवलेलं डिझाइन, आणि तेवढ्याने सुटलं नाही तर मुख्य हेतू उपयोगाचा आहे का ते बघा. तो खटला टँकर ट्रेलरच्या ड्रॉइंगचा होता, मूर्तींचा नाही. वकीलबाई म्हणाल्या, भाईची बाजू चांगली आहे, शोपीसची मूर्ती काही उपयोगाची वस्तू नव्हे, पण खात्री मी देणार नाही. आणि आता नोंदणी करायची म्हटलं तर उशीर झाला, कारण आधीच लोकांसमोर आलेलं डिझाइन नोंदवून मिळत नाही.

म्हणजे दोघांनाही कोर्टाची भीती होती आणि माझ्या मते त्यामुळेच तोडगा निघाला.

मी त्या बैठकीत हुमेल मूर्तींचं उदाहरण दिलं होतं, ते इथेही सांगतो कारण शेठना ते पटलं. जर्मनीत मारिया इनोसेंशिया हुमेल नावाची एक नन होती, लहान मुलांची चित्रं काढायची. गोबेल नावाच्या कारखान्याने १९३५ मध्ये त्यावरून चिनी मातीच्या मूर्ती बाजारात आणल्या. त्या व्यवहारात दोन गोष्टी होत्या. तिच्या आणि तिच्या मठाच्या मंजुरीशिवाय मूर्ती बाहेर पडायची नाही, आणि प्रत्येक मूर्तीच्या बुडाशी तिची सही कोरलेली. ती १९४६ मध्ये गेली तरी मूर्ती पुढे कित्येक दशकं निघत राहिल्या, आणि जगभरचे लोक आधी बूड उलटं करून सही बघतात. मला मात्र त्यातलीही एक गोष्ट खटकते. तिची सपाट चित्रं मातीत उभी करणारे आर्थर म्योलर आणि राइनहोल्ड उंगर हे कारखान्याचे शिल्पकार, त्यांची नावं फक्त मुरलेल्या संग्राहकांना माहीत. चित्रातल्या मुलाला पाठ कशी असेल हे कोणीतरी ठरवलंच असेल ना, चित्रात तर पाठ नव्हतीच. भाईच्या बाबतीत चित्र, माती, साचा, रंग सगळं एकाच माणसाचं आणि बुडावर त्याचं नाव नाही, हे काही बरोबर नाही. शेठनी यावर वाद घातला नाही.

ठरलं ते असं. सगळे साचे भाईच्या शाळेत परत आले आणि तिसरा साचा सर्वांसमोर सुरीने कापला. पहिले दोन आधीच कामातून गेलेले, ते पण कापले. जादा पंचवीस सेटांपैकी विकले गेलेले एकोणीस होते, त्या एकोणिसांच्या विक्रीवर भाईला पंधरा टक्के, म्हणजे साडेअठरा हजारांच्या वर थोडं. हे मला कमी वाटलं, मी पंचवीस म्हणत होतो, भाईनेच थांबवलं. न विकलेल्या सहा सेटांचे नंबर घासून काढून ते भाईला दिले. त्याने ते जवळच्या मुलांच्या शाळांना वाटले, पोरांना हाताळायला. ज्यांच्याकडे दुबार नंबर गेले त्यांना शेठनी स्वतःच्या सहीने पत्र पाठवलं, झालं ते सरळ लिहून, आणि पैसे परत हवे तर देतो म्हणून. सात जणांनी परत घेतले. पणजीच्या डॉक्टरांनी सेट ठेवला पण बुडावरचा चौतीस खोडून भाईची सही मागितली, ती भाईने जाऊन केली. भाचा आता दुकानात नाही, काय ते त्यांच्या घरचं.

भाईला पैशाचं फारसं पडलेलं नव्हतं हे मी जवळून बघितलं. त्याने ग्रुपवर स्वतःच्या वहीची पानं टाकली, कुठला साचा कुठून कुठपर्यंत, आणि पापुद्रा कसा ओळखायचा याचा फोटो. "माका आकडो खरो व्हयो," एवढंच तो धरून बसला होता. ज्यांनी त्याला शिव्या दिल्या होत्या त्यातल्या काहींनी माफी मागितली, सगळ्यांनी नाही.

हायवेवरच्या लहान नकलांचं काही झालं नाही. स्टॉलवाल्याने माल कोणाकडून घेतला ते सांगितलं नाही, त्याला बहुतेक माहीतही नसावं, फिरता विक्रेता येतो आणि खोकं टाकून जातो. त्यांच्या मागे लागायचं तर पुन्हा तेच कलम १५, तोच वाद आणि तेवढा पैसा नाही. भाईने फक्त एक केलं, खऱ्या नगांची मापं मिलिमीटरमध्ये लिहून दुकानात लावायला दिली. दीड मिलिमीटर फरक डोळ्याला दिसत नाही पण पट्टी घेणाऱ्याला दिसतो.

आता दोघं मिळून नवीन सेट करतायत, शिमग्याची पालखी, खांदेकरी, ढोलवाले, निशाणवाला. यावेळी चार पानी करार आहे. हक्क भाईचेच, शेठना फक्त विकायची परवानगी, तीही एकाच आवृत्तीची. साचे शाळेत राहणार आणि शेवटचा नग निघाला की कापायचे. बुडावर भाईचं नाव आणि नंबर दोन्ही, नंबर भाईने स्वतः घालायचा. मजुरी वेगळी आणि विक्रीवर टक्केवारी वेगळी, हिशेब दर तीन महिन्यांनी. डिझाइन नोंदवायचं का यावर बराच खल झाला. नोंदवलं तर दहा वर्षं आणि वाढवून अजून पाच एवढंच संरक्षण, आणि त्या डिझाइनवरचा कॉपीराइट जातो, जो एरवी मूर्तिकाराच्या हयातीनंतरही साठ वर्षं चालला असता. मोठ्या संख्येने काढायचं असेल त्याने नोंदवावंच, आणि पहिला फोटो कुठेही टाकायच्या आधी नोंदवावं. भाईने दुसरा रस्ता घेतला, आवृत्ती पन्नासची ठेवायची आणि किंमत वाढवायची. मला हे पटलं. पन्नास सेट एक माणूस नीट रंगवू शकतो, शंभरात शेवटचे तीस घाईचे होतेच.

करारावर सही करताना शेठनी एक मागणी केली, दुकानाच्या काचेत कायम ठेवायला एक सेट जादा द्या, विकायचा नाही, नंबर पण नको. मागणी काही वावगी नव्हती. भाई नाही म्हणाला, कारण तो एक्कावन्नावा झाला असता. काचेत पन्नास नंबरचा राहील, विक्रीला एकोणपन्नास.